नागपुरातलं घर: नळ, गिझर आणि सेप्टिक टँकची कामं मिस्त्रीकडून नीट करून घेण्यासाठी

नागपुरात प्लंबरचे तीन हंगाम असतात. एप्रिल-मेमध्ये कूलरची लाइन आणि रिकामी टाकी, जुलै-ऑगस्टमध्ये तुंबलेलं चेंबर, आणि दिवाळीनंतर पहिली थंडी पडली की न तापणारा गिझर. तिन्ही वेळी अख्ख्या लेआउटला, म्हणजे प्लॉट पाडून वसलेल्या वसाहतीला, एकाच आठवड्यात तोच मिस्त्री हवा असतो. तो येतो तेव्हा घाईत असतो, आणि घाईतल्या माणसाला आपण 'पाणी येत नाही' एवढंच सांगितलं की तो दिसेल ते बदलून निघून जातो. बिघाड कुठे आहे हे निम्म्याहून अधिक वेळा घरमालकाला स्वतः शोधता येतं. ते आधी शोधलं की कोणाला बोलवायचं हे कळतं, आणि त्याने सांगितलेला खर्च बरोबर आहे का हेही.

इथली हवा आणि जमीन दोन्ही पाइपांच्या जिवावर उठलेल्या आहेत. २०१३ च्या मे महिन्यात या शहराने ४७.९ अंश पाहिले आणि २०१८ च्या डिसेंबरात ३.५. उन्हाळ्यात काळी माती तडकते, पावसात फुगते, आणि तिच्यात गाडलेला पाइप दरवर्षी थोडा वर-खाली होतो. त्यात बोरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड, म्हणजे क्षार जास्त असलेलं. पुण्या-मुंबईच्या घरांसाठी लिहिलेले सल्ले इथे अर्धेच लागू पडतात ते यामुळे.

पायरी १: आपल्या घरात काय कुठून येतं ते आधी कागदावर काढा

एक रविवार सकाळ पुरते. मीटरपासून सुरुवात करा. महापालिकेचं पाणी शहरात ऑरेंज सिटी वॉटर ही कंपनी २०१२ पासून पुरवते. पेंच आणि कन्हान हे त्याचे मोठे स्रोत. मीटरच्या अलीकडची, म्हणजे रस्त्याकडची गळती ही पुरवठा करणाऱ्यांची जबाबदारी. तिथे खासगी मिस्त्रीला हात लावू देऊ नका, बिलावर छापलेल्या टोल फ्री नंबरवर तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा. मीटरच्या पुढचं सगळं आपलं.

मग पाणी कुठे जातं ते बघा. खालच्या टाक्यात, की थेट स्लॅबवरच्या टाकीत? बोर असेल तर त्याची टाकी वेगळी आहे, की दोन्ही पाणी एकाच टाकीत पडतं? पुष्कळ घरांत नळाचं आणि बोरचं पाणी जोडणारा एक कॉक मधे कुठेतरी बसवलेला असतो, उन्हाळ्याची सोय म्हणून. तो शोधा आणि शक्य असेल तर कायमचा काढून टाका. तो कॉक जरा जरी गळका असेल, तरी बोरचं पाणी पिण्याच्या लाइनमध्ये शिरतं आणि कोणाला पत्ता लागत नाही.

प्रत्येक टाकीच्या आउटलेटचा व्हॉल्व्ह, बाथरूमचा मुख्य कॉक, किचनचा कॉक यांच्यावर ऑइल पेंटने नावं लिहा. रात्री अकराला अँगल कॉक तुटून बाथरूममध्ये कारंजं उडतं, तेव्हा स्लॅबवर जाऊन चार व्हॉल्व्हपैकी कोणता बंद करायचा हे घरातल्या कोणालाही कळलं पाहिजे. वर्षभर न फिरवलेला गेट व्हॉल्व्ह ऐनवेळी जाम निघतो, म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी सगळे एकदा उघडून-बंद करा.

शेवटी सांडपाणी. तुमचं घर गटर लाइनला जोडलेलं आहे की सेप्टिक टँकला? महाल, इतवारी, धरमपेठ, धंतोली अशा जुन्या वस्त्यांत गटर लाइन आहे. बेसा, पिपळा, बेलतरोडी, हुडकेश्वर, नरसाळा, हिंगणा रोडच्या लेआउटांत बऱ्याच ठिकाणी सेप्टिक टँकच आहे. जुनं घर विकत घेतलं असेल तर टँक नेमका कुठे आहे हे आधीच्या मालकाकडून लिहून घ्या. अनेकांचा टँक पोर्चच्या टाइल्सखाली गेलेला असतो आणि झाकण शोधायला ब्रेकर लावावा लागतो. टाइल्स बसवतानाच झाकणावर वेगळा उचलता येणारा तुकडा ठेवला, तर पुढची वीस वर्षं सुखाची.

पायरी २: गळती मीटरला विचारा

घरातले सगळे नळ बंद करा, टाक्या पूर्ण भरून, टाकी भरली की पाणी थांबवणारे बॉलकॉक बंद झाले आहेत याची खात्री करा आणि मीटर बघा. काटा किंवा लहान चकरी फिरत असेल तर मीटर ते टाकी या टप्प्यात पाणी जातंय. मीटर स्थिर, पण स्लॅबवरची टाकी रात्रीतून खाली येते? मग गळती टाकीनंतरच्या लाइनीत किंवा फ्लशमध्ये आहे. रात्री टाकीत पट्टी बुडवून खूण करा, सकाळी पुन्हा मोजा. फ्लशवर संशय असेल तर त्याच्या टाकीत थोडा खाण्याचा रंग टाका. अर्ध्या तासात न दाबता भांड्यात रंग उतरला तर आतलं रबर गेलं आहे. हे काम प्लंबरशिवाय होतं.

याकडे लक्ष देण्याचं कारण बिलात आहे. हजार लिटरचा एक युनिट, आणि वापर वाढला की पुढच्या टप्प्यात युनिटचा दरही वाढतो. म्हणजे गळकं पाणी नेहमी सगळ्यात महागड्या दराने मोजलं जातं.

बॉलकॉकबद्दल एवढंच की स्वस्त प्लास्टिकचा घेऊ नका. पितळी घ्या.

नळाला धार बारीक येते म्हणून थेट लाइनवर टिल्लू पंप लावणारे प्रत्येक गल्लीत दिसतात. ते बेकायदा आहे, उन्हाळ्यात महापालिका पंप जप्त करते. पण दंडापेक्षा मोठं कारण असं की पंप लाइनमधून ओढतो तेव्हा पाइपात निर्वात तयार होतो, आणि वाटेत गटाराजवळ एखादा सांधा सैल असेल तर तिथून घाण आत खेचली जाते. सगळ्या गल्लीच्या पाण्याला वास येतो आणि दोष पुरवठ्याला लागतो. दाब खरंच कमी असेल तर जमिनीत टाका बांधा, लाइनचं पाणी त्यात आपोआप पडू द्या आणि मग पंपाने वर चढवा.

पायरी ३: पाइप बदलायचा असेल तर कोणता, हे आपल्याला माहीत हवं

तीस-चाळीस वर्षं जुन्या घरात जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाचा पाइप असतो. बाहेरून बरा दिसतो, आतून गंजून त्याचं भोक पेन्सिलीएवढं उरतं. सकाळी पहिलं पाणी तांबूस येत असेल तर तुकडा-तुकडा बदलण्यात पैसे घालवू नका, लाइन एकदाच बदला.

नवा पाइप प्लास्टिकचा घ्या: थंड पाण्याला पांढरा यूपीव्हीसी, गरम पाण्याला फिक्या पिवळट रंगाचा सीपीव्हीसी. गिझरनंतर यूपीव्हीसी लावलेला दिसला तर काम तिथेच थांबवा, तो नरम पडून सांध्यातून सुटतो. पाइपावर छापलेला मानक क्रमांक वाचा: यूपीव्हीसीला आयएस ४९८५, सीपीव्हीसीला आयएस १५७७८. दोघांचं चिकटवायचं सोल्युशनही वेगळं असतं. एकाच डब्यातून दोन्ही चिकटवणारा मिस्त्री दिसला की डबा हातात घेऊन बघा. पितळी आटे प्लास्टिकच्या फिटिंगमध्ये बसवताना टेफ्लॉन टेप पुरते. सुतळी-सफेद्याची सवय जीआयच्या काळातली आहे, ती प्लास्टिकचं फिटिंग फोडते.

सांडपाण्याच्या पाइपात एक फसवणूक नेहमी चालते. एसडब्ल्यूआर पाइपात, म्हणजे सांडपाण्याच्या आणि पावसाच्या पाण्याच्या पाइपात, दोन प्रकार आहेत. ए प्रकार पातळ, तो पावसाच्या पाण्यासाठी आणि हवेच्या नळीसाठी. बी प्रकार जाड, संडास-बाथरूमच्या घाणीसाठी. बाहेरून दोन्ही राखाडी. भाव बी चा लावून ए बसवला तर आपल्याला कळत नाही, म्हणून छापलेलं अक्षर बघा. उतार चार इंची पाइपाला दहा फुटांत साधारण दोन इंच हवा. फार कमी दिला तर घाण साचते.

जमिनीत पाइप टाकताना काळ्या मातीत नुसता गाडू नका. खाली आणि वर बारीक मुरूम किंवा वाळूचा थर द्या. मातीची हालचाल थोडी तो थर खातो. स्लॅबवर उघडा पडलेला पाइप आपल्या उन्हात काही वर्षांत ठिसूळ होतो, त्याला पांढरा रंग द्या किंवा कव्हर घाला. रंगाने मे महिन्यात दुपारी नळातून येणारं चटका पाणीही थोडं निवतं.

सामान स्वतः आणायचं असेल तर इतवारीतल्या लोहा ओळीकडे एक चक्कर मारा. गल्लीतल्या दुकानापेक्षा भाव कमी मिळतो. पण चार वस्तूंसाठी तिथलं पार्किंग सोसायचं का, हे तुम्हीच ठरवा. मोठं काम असेल तरच परवडतं.

कन्सील्ड, म्हणजे भिंतीत बुजवलेल्या पाइपांचं काम असेल तर एक अट आधीच सांगा: प्लास्टर करण्याआधी लाइन दाबाने तपासायची. हातपंपाने दाब भरून गेज रात्रभर ठेवा, सकाळी काटा खाली आला नाही तरच भिंत बुजवा. आणि बुजवण्याआधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढा, शेजारी टेप लावून. पुढे आरसा टांगायला खिळा ठोकताना तो फोटो कामी येतो.

पायरी ४: गिझर

पंधरा की पंचवीस लिटर, हा प्रश्न लोक दुकानात विचारतात. त्याआधीचा प्रश्न असा की त्यात कोणतं पाणी जाणार. बोरच्या जड पाण्यातला क्षार तापला की घट्ट होतो आणि हीटिंग एलिमेंटवर पांढरा थर बसवतो. मग एलिमेंटची उष्णता पाण्यात जात नाही, तो आतल्या आत जळतो. गिझरची लाइन नळाच्या पाण्याच्या टाकीवर घेता आली तर घ्या. त्यासाठी पाइपाचा वीस फूट खर्च झाला तरी करा, दर दोन वर्षांनी एलिमेंट बदलण्यापेक्षा तो स्वस्त पडतो.

आकाराचा हिशेब सोपा आहे. जानेवारीच्या पहाटे टाकीतलं पाणी १५ अंशांवर असेल आणि ते ६० पर्यंत न्यायचं असेल, तर २५ लिटरला सुमारे १.३ युनिट वीज लागते. दोन किलोवॅटच्या गिझरला त्याला साधारण चाळीस मिनिटं. म्हणून 'दहा मिनिटं झाली, अजून तापलं नाही' ही तक्रार घेऊन कोणाला बोलावू नका. पण मागच्या वर्षी चाळीस मिनिटं लागायची आणि आता सव्वा तास लागतो, आतून कडकड आवाज येतो, तर थर बसला आहे. तो काढायला एलिमेंट बाहेर काढून सायट्रिक ॲसिडने धुतात. त्याच वेळी आतली मॅग्नेशियमची कांडी दाखवायला सांगा. टाकीऐवजी ती गंजावी यासाठीच ती बसवलेली असते. झिजून तार उरली असेल तर बदलायची. ही कांडी बहुतेक मेकॅनिक आपणहून दाखवत नाहीत.

दाबाचं गणित दुकानदार घोळून सांगतो. टाकी गिझरपेक्षा दहा मीटर उंच असेल तेव्हा कुठे एक बार दाब येतो. एक-दोन मजली घरात तेवढाही नसतो, त्यामुळे आठ बारचा गिझर म्हणून जास्त पैसे मोजायची गरज नाही. उंच इमारतीतल्या खालच्या फ्लॅटला किंवा प्रेशर पंप लावलेल्या घराला तो घ्यावा.

सेफ्टी व्हॉल्व्हमधून तापताना थोडं पाणी ठिबकतं. ते ठीक आहे, पाणी तापलं की फुगतं आणि त्याला वाट लागते. ठिबक बंद व्हावी म्हणून तिथे बूच मारणारे महाभाग आहेत. ते कधीही करू देऊ नका. थर्मोस्टॅट अडकला तर त्या बुचामागे वाफेचा दाब वाढत जातो आणि टाकी फुटते. सतत धार लागली असेल तर व्हॉल्व्ह बदला किंवा पंपाचा दाब कमी करा.

मार्चपासून ऑक्टोबरपर्यंत आपला गिझर बंद असतो. नोव्हेंबरमध्ये सुरू करताना क्रम असा ठेवा. आधी वीज न लावता गरम पाण्याचा नळ उघडा, खंड न पडता धार येईपर्यंत वाहू द्या, पहिली बादली संडासात टाका. मग प्लग लावा. टाकी धुताना गिझर रिकामा होतो आणि रिकाम्या गिझरला वीज दिली की एलिमेंट जळतो. दिवाळीच्या साफसफाईनंतर बिघडलेल्या गिझरांमध्ये हे कारण बरंच सापडतं.

विजेच्या बाजूला तीन गोष्टी तपासा: सोळा अँपियरचा वेगळा पॉइंट, चालू अर्थिंग, आणि ३० मिलीअँपियरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच. गिझर लावला की आरसीसीबी पडतो म्हणून तो बाजूला काढून देणारा इलेक्ट्रिशियन दारात उभा करू नका. तो पडतो कारण एलिमेंटमधून वीज पाण्यात उतरते आहे. गिझर बदला, आरसीसीबी राहू द्या. अर्थिंगचा खड्डा आपल्या कोरड्या उन्हाळ्यात निकामी होतो, त्यात अधूनमधून पाणी घालत राहा.

गॅस गिझर बाथरूमच्या आत लावू नये, हे वाक्य मी कितीही वेळा लिहायला तयार आहे. थंडीत दार-खिडकी बंद, आत ज्योत जळते, हवेतला प्राणवायू कमी होतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोकं जड होतं, चक्कर येते, आणि माणूस दार उघडण्याआधीच पडतो. गॅस गिझर लावायचाच तर बाहेरच्या मोकळ्या भिंतीवर लावा, आत फक्त गरम पाण्याचा पाइप आणा.

सौर हीटरला नागपूरसारखं शहर नाही, ऊन फुकट आहे. काचेच्या नळ्यांचा प्रकार जड पाणी तांब्याच्या पॅनलपेक्षा बरं सोसतो. पण नळ्या उन्हात कोरड्या तापलेल्या असताना दुपारी थंड पाणी सोडू नका, काच तडकते. भरायचं ते पहाटे. फेब्रुवारी-मार्चच्या गारपिटीचा अंदाज आला की वर जुनी चादर किंवा जाळी टाका. हवेची नळी कधीही बंद करायची नाही.

पायरी ५: सेप्टिक टँक, जिथे सगळ्यात जास्त अडाणीपणा चालतो

टँकमध्ये काय होतं ते समजलं तर पुढचं सगळं सोपं. घाण आत येते, जड भाग तळाला बसतो, तेलकट साय वर तरंगते आणि मधलं तुलनेनं स्वच्छ पाणी टी आकाराच्या पाइपातून बाहेर शोषखड्ड्यात, म्हणजे पाणी जमिनीत मुरवायच्या खड्ड्यात जातं. तळाचा गाळ हवेशिवाय जगणारे जिवाणू हळूहळू खातात. सगळा गाळ मात्र संपत नाही. तो साठत जातो, आणि टँकच्या खोलीच्या तिसऱ्या भागापर्यंत आला की उपसायचा. बहुतेक घरांत ते दोन-तीन वर्षांनी येतं. 'आमचा टँक पंधरा वर्षांत भरलाच नाही' असं कोणी अभिमानाने सांगितलं तर समजावं की तळ फुटका आहे किंवा मुद्दाम उघडा ठेवलेला आहे, आणि सगळी घाण जमिनीत जाते आहे.

आकार पुरेसा आहे का ते मोजा. आयएस २४७० या मानकात पाच माणसांसाठी दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद आणि एक मीटर पाण्याची खोली एवढा टँक सांगितला आहे. दहा माणसांसाठी दोन मीटर बाय नव्वद सेंटीमीटर, खोली तीच. हे दोन वर्षांनी उपसा करायचा या हिशेबाने. घरावर मजला चढवून दोन भाडेकरू ठेवले आणि टँक जुनाच राहिला, तर तो दरवर्षी भरणार. गाडीवाल्याचा त्यात दोष नाही.

शोषखड्डा हा नागपूरचा खरा दुखणाईत भाग. काळी माती पाणी शोषत नाही, पावसाळ्यात तर मुळीच नाही. खड्डा काळ्या मातीतच संपला तर जुलैत तो काठोकाठ भरतो, टँकचं पाणी पुढे सरकत नाही आणि संडासाच्या भांड्यात पाणी हळू उतरायला लागतं. खड्डा मुरुमाच्या थरापर्यंत नेलाच पाहिजे. नवं घर बांधत असाल तर कंत्राटदार खड्डा बुजवायच्या आधी स्वतः खाली डोकावून बघा की तळाला मुरूम लागला आहे का. छपराचं पावसाचं पाणी कोणत्याही परिस्थितीत टँकमध्ये किंवा या खड्ड्यात सोडू नका.

त्यातच बोर. पिण्याच्या पाण्याचा स्रोत आणि शोषखड्डा यांत १८ मीटर अंतर हवं, असं मानक सांगतं. आता आपला नेहमीचा ३० बाय ५० फुटांचा प्लॉट घ्या. त्याचा एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचा कर्णसुद्धा ५८ फुटांचा, म्हणजे १८ मीटरला किंचित कमी. एकाच प्लॉटवर बोर आणि शोषखड्डा नियमाने बसूच शकत नाहीत. वर शेजाऱ्याचा खड्डा तुमच्या बोरला चिकटून असतो. म्हणून अशा लेआउटमध्ये बोरचं पाणी कितीही निर्मळ दिसलं तरी पिण्यात आणि भाज्या धुण्यात वापरू नका. नळाचं पाणी येत नसेल तर बोरचं पाणी प्रयोगशाळेत जिवाणूंसाठी तपासून घ्या. नुसतं टीडीएसचं मीटर बुडवून काही कळत नाही, ते फक्त विरघळलेले क्षार मोजतं.

आता उपसा. गाडी बोलावण्याआधी टँकची लांबी, रुंदी, खोली फुटांत मोजून गुणा आणि २८ ने गुणा, लिटर निघतात. आठ बाय चार बाय पाच फुटांचा टँक म्हणजे साधारण साडेचार हजार लिटर. फोनवर विचारायचे प्रश्न हे: गाडीची टाकी किती लिटरची, भाव खेपेचा की कामाचा, पाइप किती फूट लांब, आणि गाळ कुठे नेऊन टाकणार. शेवटच्या प्रश्नावर समोरचा अडखळला तर दुसरी गाडी बघा. नाल्यात ओतलेला मैला नाग किंवा पिवळी नदीत जातो. तो शुद्धीकरण केंद्राच्या ठरवलेल्या जागीच गेला पाहिजे. त्याच केंद्रात शुद्ध केलेलं शहराचं पाणी पुढे कोराडीच्या वीज केंद्राला जातं, हे बहुतेकांना माहीत नसतं.

मे महिन्यात उपसा करून घ्या, पावसाआधी. सगळा टँक घासून धुवायला लावू नका, तळाला थोडा गाळ राहू द्या, त्यातले जिवाणू पुढचं काम सुरू करतात. पावसात उपसावाच लागला तर रिकामा झाल्यावर लगेच अर्ध्याहून अधिक साध्या पाण्याने भरा. भोवतालची माती भिजून फुगलेली असते, तिचा दाब रिकाम्या भिंतींवर येतो आणि प्लास्टिकचा टँक तर चक्क वर उचलला जातो.

माणूस आत उतरवायचा नाही. कोणत्याही कारणाने, कितीही पैसे देऊन, 'मी पटकन बघून येतो साहेब' असं तो स्वतः म्हणाला तरी नाही. आत हायड्रोजन सल्फाइड असतो. थोडा असेल तर सडलेल्या अंड्यासारखा वास येतो, जास्त असेल तर नाकाची वास घेण्याची शक्तीच जाते आणि माणसाला वाटतं की आत काही नाही. पहिला पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही पडतो. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय माणसाला सेप्टिक टँकमध्ये उतरवणं गुन्हा आहे. पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि काम सांगणारा घरमालकही यात येतो. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये अशा मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख केली. कोणी पडलाच तर मागे उतरू नका, अग्निशमन दलाला १०१ वर फोन करा. झाकण उघडल्यावर जवळ बिडी-काडी नको, मिथेन पेट घेतो.

हवेच्या पाइपाच्या तोंडाला बारीक जाळी बांधा. हत्तीरोग पसरवणारा क्युलेक्स डास याच घाण पाण्यात वाढतो आणि त्या पाइपातून बाहेर येतो. जाळी फाटली की बदलायची.

संडासात ॲसिड आणि फिनाइल रोज ओतणाऱ्या घरात टँक लवकर भरतो, कारण गाळ खाणारे जिवाणू मरतात. सॅनिटरी पॅड, ओले टिश्यू, केसांचे गुंते खाली जाऊ देऊ नका. किचनचं तेलकट पाणी आधी जाळीच्या गली ट्रॅपमधून जाऊ द्या आणि तो ट्रॅप दर महिन्याला साफ करा. बाजारात मिळणाऱ्या 'टँक कधीच भरणार नाही' छाप पावडरींवर पैसे खर्च करण्याचं मला कारण दिसत नाही. गाळ उपसावाच लागतो.

पुढे तुमच्या लेआउटमध्ये गटर लाइन आली तर संडासाचा पाइप थेट तिला जोडून घ्या. जुना टँक उपसून, चुना टाकून, मुरुमाने भरून टाका. पोर्चखाली रिकामा ठेवलेला टँक एखाद्या दिवशी गाडीच्या वजनाने खचतो.

पायरी ६: पूर शिरला असेल तर

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि नाग नदीकाठच्या कितीतरी वस्त्यांत घरात पाणी शिरलं. अशा वेळी खालचा टाका गटाराच्या पाण्याने भरलेला समजायचा, पाणी कितीही स्वच्छ दिसलं तरी. तो पूर्ण उपसा, भिंती घासा, स्वच्छ पाण्याने भरा. मग हजार लिटरला दीडशे ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर बादलीत कालवून वरचं निवळलेलं पाणी टाक्यात ओता. नळ उघडून ते पाणी सगळ्या लाइनीत येऊ द्या, क्लोरीनचा वास आला की नळ बंद करा आणि रात्रभर तसंच ठेवा. सकाळी ते सगळं पाणी वाहून जाऊ द्या. पाण्यात बुडालेला गिझर किंवा पंप वाळवून स्वतः सुरू करू नका, आधी इलेक्ट्रिशियनला दाखवा.

पायरी ७: माणूस निवडणं आणि व्यवहार

नवीन नळजोडणी किंवा मीटरचं काम परवानाधारक प्लंबरकडूनच होतं. घरातल्या कामाला मात्र लेआउटमधल्या हार्डवेअरच्या दुकानदाराला विचारा. कोणता मिस्त्री उधारी बुडवतो आणि कोणाचं काम परत उघडावं लागतं, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. गिझर वॉरंटीत असेल तर कंपनीचाच मेकॅनिक. गल्लीतल्या माणसाने एकदा उघडला की वॉरंटीवर वाद होतो.

मजुरी आणि मटेरियल वेगळं ठरवा. बाथरूमच्या कामाचा भाव पॉइंटवर सांगतात, तेव्हा एका पॉइंटमध्ये काय-काय धरलं आहे ते विचारा: भिंत फोडणं, परत बुजवणं, मलबा उचलणं? मलबा बहुतेक वेळा कोणीच धरलेला नसतो. बदललेले जुने भाग परत मागा, जुना पितळी कॉक भंगारात चांगले पैसे देतो, म्हणूनच तो गायब होतो. मिस्त्री 'चालते ना भाऊ, काही होत नाही' म्हणाला की ती गोष्ट हमखास दोनदा तपासा.

पैसे तीन हप्त्यांत द्या. सामान आल्यावर थोडे, लाइन तपासून झाल्यावर बरेचसे, आणि सांडपाण्याचं किंवा शोषखड्ड्याचं काम असेल तर शेवटचा हिस्सा पहिला मोठा पाऊस पडून गेल्यावर. हे काम सुरू करतानाच बोलून, कागदावर लिहून दोघांनी सही करा. चांगला मिस्त्री याला नाही म्हणत नाही.